वसतिगृहातील लेकरांचे संरक्षण : एका नियमाचा इतिहास



कामगार संघटनेच्या माणसाने वसतिगृहांवर व्याख्यान का द्यावे, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या हिंगोली जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता आणि संसाराचे गाठोडे घेऊन ऊसतोडीला निघतात. त्यांच्या लेकरांतली काही फडावरच्या कोपीत राहतात, काही गावात आजीजवळ राहतात आणि काही वसतिगृहात येतात. कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आपल्या डोंगराळ भागातल्या आंध समाजाची मुले आश्रमशाळांतून शिकतात. वसमतला नवोदय विद्यालय आहे. शिवाय शहरोशहरी खाजगी वसतिगृहे निघाली आहेत. म्हणजे ज्याला मी संघटनेचा सभासद म्हणतो, त्याचे सर्वात मोलाचे धन वर्षातले दहा महिने परक्या छपराखाली झोपते. त्या छपराचा विचार करणे हे माझ्या कामाचाच एक भाग आहे.

गिरणीतला कामगार आठ तास यंत्रापाशी उभा राहतो आणि भोंगा वाजला की घरी जातो. मुकादमाने शिवी दिली तर ती तो घरी बायकोला सांगतो, चहाच्या टपरीवर सोबत्याला सांगतो, संघटनेच्या कचेरीत आम्हाला सांगतो. वसतिगृहातल्या मुलासाठी असा भोंगा वाजत नाही. जो शिकवतो, जो जेवू घालतो, जो रात्री दाराला कडी लावतो आणि जो शिक्षा करतो, तो एकच माणूस असतो किंवा एकमेकांच्या ओळखीतली चार माणसे असतात. मुलाला त्रास झाला तर त्याने सांगायचे कोणाला? या एका प्रश्नाभोवती गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. पाणी, संडास, औषध, पहारा हे सर्व नियम आवश्यकच आहेत. पण ते पाळले जातात की नाही हे एकाच गोष्टीवर ठरते. तक्रार ऐकणारा माणूस त्या भिंतींच्या आतला आहे की बाहेरचा, ही ती गोष्ट होय.

छावणीपासून आरंभ करू, कारण छावणी हिंगोलीकरांना नवी नाही. हैदराबाद कंटिंजंटची फौज येथे राहत होती. अनेक माणसे एका छपराखाली झोपू लागली म्हणजे काय होते, हा प्रश्न आपल्या देशात सरकारला प्रथम सतावू लागला तो फौजेमुळे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यात असे दिसले की, दर हजार सैनिकांमागे दरसाल ६९ माणसे मरत होती आणि त्यांतली बहुतेक लढाईत नव्हे तर पटकी, हगवण आणि ताप यांनी मरत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी ठाण्याठाण्यांहून आलेली माहिती चाळून दाखवून दिले की, दोष हवामानाचा नसून दाटीवाटीचा, घाण पाण्याचा आणि सांडपाण्याचा आहे. त्यानंतर बराकी रुंद झाल्या, पाणी आणि सांडपाणी यांच्याकडे लक्ष गेले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही सुधारणा बराकीतल्या सैनिकाच्या तक्रारीने झाली नाही. बाहेरच्या कोणीतरी येऊन मेलेल्यांची मोजदाद केली म्हणून ती झाली. जिथे मोजदाद नाही तिथे मरण हे दैवाच्या खात्यात जमा होते.

दुसरी जागा गिरणीची. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांच्या आतील मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, एवढीच त्याची मजल होती. तोही शंभर आणि त्याहून अधिक माणसांच्या कारखान्यापुरताच. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळच्या वेळी पगार आणि कामावर जखमी झालेल्याची सोय या त्यातल्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाना कायदा आला. पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी वेगळे संडास, दर दीडशे कामगारांमागे औषधाची एक पेटी, असे सारे त्यात कलमवार लिहून ठेवले होते. त्या कायद्याची जागा घेणारी संहिता २०२० साली संसदेने मंजूर केली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

कलमे पुष्कळ झाली, पण आम्हा कामगारांच्या अनुभवात त्या कायद्याचा प्राण कारखाना निरीक्षक हा होता. मालकाचा नोकर नसलेला माणूस केव्हाही दारातून आत येऊ शकतो, वही मागू शकतो, कामगाराशी बोलू शकतो, ही ती शक्ती. १९४७ साली आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने कारखाना तपासणीचा करार केला. भारताने तो १९४९ साली मान्य केला. तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेच तत्त्व १९८७ च्या दुरुस्तीने आपल्या कारखाना कायद्यात लिहिले गेले. नाव फुटले तर तक्रार करणाऱ्याच्या पोटावर पाय येतो, हे जगभरच्या कामगारांनी सोसून शिकलेले शहाणपण आहे.

याविषयी माझ्या उमेदवारीच्या काळातली एक गोष्ट सांगतो. मराठवाड्यातल्या एका जिनिंगमध्ये आम्ही भांडून तक्रारपेटी लावून घेतली. पत्र्याची सुबक पेटी, वर पांढऱ्या रंगात अक्षरे. वर्षभरात तिच्यात एकही चिठ्ठी पडली नाही. व्यवस्थापक आम्हाला अभिमानाने सांगे, आमच्याकडे तक्रारच नाही. चौकशी करता कळले की, पेटीची किल्ली व्यवस्थापकाच्याच कमरेला आहे. रिकामी पेटी म्हणजे सुख नव्हे, हा धडा मी तेव्हापासून विसरलो नाही.

आता गिरणी सोडून वसतिगृहाकडे वळू. महाराष्ट्रात आरोग्य आणि अब्रू हे दोन्ही प्रश्न एकाच वसतिगृहाच्या दारात एकाच वेळी उभे राहिले ते १८९७ साली, पुण्यात. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. उच्चवर्णीय विधवांना राहून शिकता यावे हा त्याचा हेतू होता. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी होती. १८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून त्यांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की, बाहेरची देखरेख होती, पण तिचे लक्ष मुलींच्या श्रद्धेवर अधिक होते.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. रँडसाहेबाची प्लेग कमिटी बसली, गोरे सोजीर घरोघर झडती घेऊ लागले, संशयितांना दवाखान्यात आणि वेगळ्या छावणीत नेऊ लागले. शहरात इतक्या मुली एकत्र ठेवण्यास अधिकाऱ्यांची मनाई झाली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या जमिनीवर नेले. तिथेच पुढे मुक्ती सदन उभे राहिले.

सदनातल्या काही मुलींचा प्लेगच्या दवाखान्याशी आणि छावणीशी संबंध आला. तिथे जे कळले त्याने रमाबाई संतापल्या. १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघड पत्र लिहिले. दवाखान्याची व्यवस्था वाईट आहे, स्त्रियांना परक्या पुरुषांकडून तपासून घेणे भाग पाडले जाते आणि तिथे तरुण मुलींची अब्रू सुरक्षित नाही, असा त्यांचा आरोप होता. आपल्या एका मुलीचा दाखलाही त्यांनी दिला. लक्षात घ्या, ही बाई सरकारच्या वैऱ्यांपैकी नव्हती. ख्रिस्ती झालेली, मिशनऱ्यांत मान असलेली स्त्री हे लिहीत होती. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडात होते; त्यांनी पुण्यातल्या अत्याचारांविषयी जाहीर विधान केले, आणि आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी या पत्राकडेही बोट दाखविले. मामला पार्लमेंटपर्यंत गेला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे आरोप साफ नाकारले. गोखल्यांना आपल्या विधानासाठी पुरावा देता आला नाही, कारण ज्यांनी कळविले ते पुढे यायला तयार नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांना माफी मागावी लागली.

या प्रकरणाकडे मी कामगार संघटनेच्या माणसाच्या डोळ्यांनी पाहतो तेव्हा मला त्यात आजच्या सर्व प्रश्नांचे बीज दिसते. रोग खरा होता, वेगळे ठेवण्याची गरजही खरी होती. पण आरोग्याच्या नावाखाली स्त्रीला एका बंद आवारात नेले गेले आणि त्या आवारात तिची तक्रार ऐकायला कोणी नव्हते. चौकशी करणारे सरकार, आणि आरोप ज्याच्यावर तेही सरकार. साक्ष देणाऱ्याला संरक्षण नाही. मग आरोप नाकारणे किती सोपे! कुंपणच शेत खाते की नाही, हे कुंपणालाच विचारल्यासारखे ते झाले. आणि तरीही रमाबाईंच्या पत्राचे मोल कमी होत नाही. आपल्या छपराखालच्या मुलीला बाहेर काही झाले तर संस्थेच्या प्रमुखाने संस्थेचे नाव झाकत बसू नये, उघड बोलावे, हा धडा या महाराष्ट्रात एका स्त्रीने तेव्हाच घालून दिला होता.

विसाव्या शतकात थोर माणसांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढविली. कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० साली हिंगण्यास गेला. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या पोटासाठी अंगावरचे सोने मोडले, हे महाराष्ट्र जाणतो. आपल्या मराठवाड्यात निजामी राजवटीत हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ साली निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक झाले. त्याआधी ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते, हे सांगताना मला साहजिकच आनंद होतो.

या संस्थांत लेकरांचे संरक्षण कशाने झाले? संस्थापकाच्या मायेने. भाऊराव स्वतः पोरांत राहत, लक्ष्मीबाई स्वतः भाकरी थापीत. पण माया ही वारसाहक्काने मिळत नाही. संस्थापक जातो, संस्था वाढते, तिच्या शाखा होतात, अनुदान येते, अधीक्षक नेमला जातो, आणि दारावरच्या तसबिरीतला थोर पुरुष रात्री दोन वाजता कोणत्या खोलीत काय चालले आहे हे पाहायला येत नाही. मायेची जागा तेव्हा नियमाने घ्यावी लागते. यात संस्थापकाचा अपमान नाही. त्याच्या मायेला दीर्घायुष्य देण्याचा तोच एक उपाय आहे.

आपल्या राज्यात १९७२-७३ पासून सरकारी आश्रमशाळांची योजना सुरू झाली. डोंगरातल्या मुलाला शाळेच्या जवळच जेवण आणि निवारा मिळावा, ही कल्पना उत्तम होती, आणि तिच्यामुळे कित्येक घरांत पहिल्यांदा अक्षर शिरले. पण त्याच १९७२ सालच्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला या नावाने तो देशाला माहीत आहे. नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असे कारण देण्यात आले. यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ज्याच्या ताब्यात माणूस आहे त्याच्यापुढे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. बायांचे मोर्चे निघाले, आणि १९८३ साली कायदा बदलला.

त्या बदलाची जी बाजू आपल्या विषयाला लागू आहे ती फारशी सांगितली जात नाही. पोलीस आणि तुरुंग यांच्याबरोबरच सुधारगृहे आणि स्त्रिया-मुलांच्या संस्था यांचे अधीक्षक आणि व्यवस्थापक हेही त्या कायद्यात आले. आपल्या ताब्यातल्या स्त्रीला अधिकाराच्या जोरावर वश करणे हा वेगळा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ही तरतूद राखली आहे. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्यावर जबाबदारी जास्त, हे तत्त्व कायद्याने त्या दिवशी मान्य केले.

पुढची पावले झपाट्याने पडली. राजस्थानात भटेरी गावी १९९२ साली बालविवाह थांबवू पाहणाऱ्या एका सरकारी कार्यकर्तीवर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. तक्रार समितीत बाहेरचा एक सदस्य असलाच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. वरिष्ठांचा दबाव समितीवर येऊ नये, हे त्याचे कारण. रमाबाईंच्या पत्रानंतर बरोबर शंभर वर्षांनी ही गोष्ट कागदावर आली.

२०१३ च्या कायद्याने हेच पक्के केले. समितीची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. ज्या ठिकाणी दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाई, कामाठी, अधीक्षिका यांनाही हा कायदा लागू आहे. पण त्यांतल्या किती जणींना हे ठाऊक आहे, हे आपणच विचारून पाहा. महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्यासाठी २०१५ साली निराळे नियम झाले. विद्यार्थ्यांचे प्रकरण असेल तर समितीत विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. आम्ही संघटनेची माणसे याला फार महत्त्व देतो.

मुलांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा स्वतंत्र कायदा लागू झाला. तो मुलींइतकाच मुलांनाही संरक्षण देतो. मुलग्यांच्या वसतिगृहात धोका नसतो ही समजूत त्याने खोटी ठरविली. शाळेच्या किंवा संस्थेच्या नोकराने गुन्हा केला तर तो अधिक गंभीर धरला जातो. आणि सर्वात मोठी गोष्ट अशी की, ज्याला असा गुन्हा ठाऊक आहे त्याने पोलिसांना कळविले नाही तर त्यालाच शिक्षा होते. संस्थेचा प्रमुख गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत कैद. "आपल्या शाळेचे नाव जाईल, आपसात मिटवू" हे वाक्य पूर्वी शहाणपणाचे मानले जाई. आज तो गुन्हा आहे.

आरोग्याचेही तसेच. २०१६ साली राज्याचे माजी आरोग्य महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी नेमावी लागली. १८६३ साली सैनिकांच्या मरणाची मोजदाद झाली. आदिवासी लेकरांच्या मरणाची अशी चौकशी व्हायला एकविसावे शतक लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलांना करोनाची लागण झाली. एका खोलीत अंथरुणाला अंथरूण लागले की साथ कशी पसरते, हे नाइटिंगेलबाईंनी लिहिले होते. आपण ते दीडशे वर्षांनी पुन्हा शिकलो.

आता कोणी म्हणेल, कायदे इतके झाले, मग आणखी काय हवे? मी म्हणतो, कायदा हा नांगर आहे. तो आपोआप शेत नांगरीत नाही. राज्य सरकारने २०२२ साली शाळाशाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला. कागदावरची समिती आणि बसणारी समिती यांत जे अंतर आहे ते आपण नगरवासीयांनी भरून काढायचे आहे. ज्याचे मूल वसतिगृहात आहे तो बाप त्या वेळी फडावर ऊस तोडीत असतो. तो तालुक्याला येऊन विचारू शकत नाही. त्याच्या वतीने विचारणारे आपण नाही तर कोण?

विचारायचे तरी काय? प्रश्न साधे आहेत. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? संडास झोपण्याच्या जागेपासून किती दूर आहे आणि रात्री वाटेवर दिवा असतो का? मुले जमिनीवर झोपतात की खाटेवर? कारण पावसाळ्यात साप-विंचू भुईवरच फिरतात. ताप आलेल्या मुलाला कोणत्या वेळी, कोणत्या गाडीने दवाखान्यात नेतात? मुलींच्या वसतिगृहात रात्री स्त्री कर्मचारी मुक्कामी असते का? तक्रार समितीतला बाहेरचा सदस्य कोण, आणि मुलांनी त्याचे तोंड कधी पाहिले आहे का? १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लिहिला आहे का, आणि तो फिरवायला मुलाला फोन मिळतो का? आणि तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे आहे? वकील, डॉक्टर, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाच्या भगिनी यांनी महिन्यातून एक दुपार यासाठी दिली तर फार मोठे काम होईल. कोणावर संशय घ्यायचा म्हणून हे करायचे नाही. सचोटीच्या अधीक्षकाला अशा भेटीची भीती नसते. उलट त्यालाच टाकीसाठी, दिव्यासाठी, डॉक्टरसाठी वर भांडायला एक साक्षीदार मिळतो.

लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या जमविल्या, कारण गिरणीतला एकटा कामगार बोलू शकत नव्हता. वसतिगृहातले मूल त्या कामगारापेक्षा कितीतरी एकटे आहे. त्याला सही करता येत नाही, संप करता येत नाही, नोकरी सोडून घरी जाता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्याच्याच वाट्याला येऊ शकतो. त्याच्याकडे एकच आशा असते, ती म्हणजे दाराबाहेरून येणारे कोणीतरी आपल्याला विचारील. हिंगोली शहरातून ते विचारणारे निघावेत, एवढे मागून मी आपली रजा घेतो.